बाबांचं तळघर आणि आईचं ‘राहू दे’

पत्र:

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. घराखालचं तळघर म्हणजे त्यांचंच राज्य होतं. गेल्या पावसात तिथल्या एका भिंतीतून पाणी झिरपलं. दुरुस्तीवाला म्हणतो, चारही भिंती मोकळ्या करून द्या, तरच काम धरतो. दोन महिने हातात आहेत. आईचे गुडघे धरलेत, ती जिना उतरत नाही, पण मी वर आले की विचारते, “काय टाकलंस?” आणि लगेच म्हणते, “मी आहे तोवर राहू दे गं सगळं.” धाकटा भाऊ परगावी असतो. त्याचं फोनवर एकच, “माझ्या वस्तूंना हात लावू नकोस.” मी कितीदा तरी खाली गेले. दर वेळी एखादा खोका उघडते, तासभर त्यातच गुंतते आणि तशीच वर येते. फोटोंचे अल्बम चिकटलेत. व्हिडिओ कॅसेटी आहेत, कागदांची ट्रंक आहे, बाबांची सुतारकामाची हत्यारं आहेत. त्यांच्या रंध्याच्या मुठीवर अंगठ्याची जागा झिजून गुळगुळीत झालीय, तो हातात घेतला की पुढे काही सुचत नाही. आणि एक खुर्ची, अर्धवट राहिलेली. काय ठेवू आणि काय टाकू?

— थोरली मुलगी

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली. काय टाकायचं या विचाराने तुम्ही खाली उतरता आणि हात थांबतो. साहजिकच आहे, बाबांचं काही टाकायचं म्हटल्यावर कुणाचाही हात थांबेल. म्हणून टाकण्याचा विषय सध्या बाजूला ठेवा आणि आधी हे लक्षात घ्या: जे खरोखर जपायचं आहे, त्याला तळघर ही घरातली सगळ्यात वाईट जागा आहे.

तळघराच्या भिंती मातीला लागून असतात, त्यामुळे त्या वरच्या खोल्यांपेक्षा थंड राहतात. बाहेरची उबदार, दमट हवा आत आली की त्या थंड भिंतींवर पाणी सुटतं. (म्हणूनच दमट दिवसांत ‘जरा हवा खेळू दे’ म्हणून तळघराची खिडकी उघडली तर ओल कमी होण्याऐवजी वाढते.) हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावतं, आणि भिजलेल्या कागदाला किंवा कापडाला २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. बाबांच्या आठवणी म्हणून जे तुम्ही खाली ‘सांभाळून’ ठेवलं आहे, ते तिथे दर पावसात थोडं थोडं संपतंय. हे घाबरवायला सांगत नाही. तुमचा प्रश्न यामुळे बदलतो, म्हणून सांगते. प्रत्येक वस्तूला एवढंच विचारा: हिच्यासाठी मी वर, राहत्या घरात जागा करीन का? करणार असाल तर ती आजच वर न्या. करणार नसाल, तर ती जपायची वस्तू नाही. मग ती एक तर ओलीला दाद न देणारी उपयोगाची चीज असेल, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे जायची.

पण पहिल्या दिवशी खोके उघडूच नका. पहिला दिवस धोक्याच्या वस्तूंचा. गॅसचं सिलिंडर खाली असेल, रिकामं वाटत असलं तरी, ते आधी बाहेर काढा. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळघराच्या जमिनीलगत साचून राहतो आणि विजेच्या बटणाची ठिणगीही त्याला पुरते. पेट्रोलच्या वाफेचं तसंच. जुन्या रंगाचे डबे, कीटकनाशकं, पारा असलेल्या ट्यूबलाइट आणि थर्मामीटर, फुगलेल्या बॅटऱ्या एका बाजूला काढा आणि तुमच्या पालिकेची घातक कचऱ्याची जी सोय असेल तिथे द्या. मोरीत काही ओतू नका. लेबल गेलेल्या बाटल्यांतलं काही एकमेकांत मिसळू नका. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बाबा लाकडाला जवसाचं तेल लावत असतील तर त्या तेलाच्या चिंध्या शोधा. गोळा करून ठेवलेल्या अशा चिंध्या हवेशी होणाऱ्या प्रक्रियेने आपोआप तापतात, पेटूही शकतात. त्या मोकळ्या जागेत सुट्या पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका.

आणखी दोन गोष्टी. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका, कारण उडालेल्या धुळीतून आजार होऊ शकतात. हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला, लेंड्यांवर जंतुनाशक फवारा, पाचेक मिनिटं थांबा, मग पुसून घ्या. आणि घर जुनं असेल, पाइपांवर राखाडी, भुसभुशीत आवरण असेल, तर त्याला हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असलेलं तंतूंचं खनिज, असू शकतं; ते तपासून काढणारे जाणकार वेगळे असतात. याच दिवशी विजेच्या बोर्डासमोरची निदान एक मीटर जागा आणि जिना मोकळा करून ठेवा. पुढचे दोन महिने तुम्ही सामान घेऊन याच जिन्यावरून वर-खाली करणार आहात.

दुसऱ्या दिवसापासून कागद आणि फोटो, कारण ओल थांबत नाही. ट्रंकेतली घराची कागदपत्रं, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, विमा, पेन्शन, मृत्युपत्र असं जे काही असेल ते न वाचता, न लावता, आधी वर. वर्गवारी कोरड्या खोलीत करा. कराचे कागद किती वर्षं ठेवायचे हे तुमच्याकडचा कायदा सांगतो. एखाद्या हिशेबनिसाला विचारा आणि त्यापलीकडचे फाडून टाका, खाते क्रमांक वाचता येणार नाही इतके बारीक. दुकानाच्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं बहुतेक उडालीच असतील. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने उमटलेली छपाई असते. पत्रं सापडली तर तिथे वाचू नका. ‘नंतर वाचायचं’ असं लिहिलेला एकच डबा करा आणि तो वर न्या. वाचण्याला वेगळा दिवस, वेगळी खुर्ची हवी.

अल्बमविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे घाईने झालेलं नुकसान भरून येत नाही. फोटो अजून ओले असतील आणि एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगून मऊ झालेला असतो, ओढला की चित्रच निघून येतं. स्वच्छ, थंड पाण्यात ठेवून ते सावकाश सुटू द्या, मग चित्राची बाजू वर करून पंख्याच्या हवेत सुकवा, उन्हात नको. एका वेळी हाताळता येणार नाहीत इतके असतील तर प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. त्याने बिघाड थांबतो, फोटो दुरुस्त होत नाही, पण तुम्हाला वेळ मिळतो. आणि चिकटून वाळलेले असतील, तर आधी पूर्ण पानाचा जसा आहे तसा फोटो काढा किंवा स्कॅन करा, मगच सोडवायचा प्रयत्न. वर पारदर्शक कागद आणि खाली डिंकाच्या रेघा असलेले अल्बम तुम्हाला आठवत असतील. ते फोटोंचे वैरीच, कारण तो डिंक वर्षांनुवर्षं फोटोला पिवळं करत राहतो. दात साफ करायचा बारीक फ्लॉस घ्या, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळा, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हलक्या हाताने मागे-पुढे करत न्या. बहुतेक फोटो अखंड सुटतात. जो सुटत नाही, तो पानासकट कापून ठेवा. स्कॅन करताना साध्या आकाराच्या फोटोला ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके) पुरे, पासपोर्ट आकाराच्यांना ६००.

आणि इथेच आईंना कामाला घ्या. त्या ‘राहू दे’ म्हणतात त्यामागे मला हट्ट दिसत नाही. जिना उतरता येत नाही, म्हणजे आपल्या संसारातून काय बाहेर जातंय हे त्यांना दिसतच नाही, कानावर फक्त पावलांचा आणि खोके सरकवण्याचा आवाज येतो. न दिसता जाण्याची ही भीती आहे. म्हणून रोज एक ट्रे वर न्या, मांडीवर मावेल एवढाच. फोटोतली माणसं कोण, कुठल्या लग्नातली, कुणाचा कोण, हे त्यांच्याशिवाय सांगणारं आता कुणी नाही. नावं फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, खूण पुढे उठते. मऊ पेन्सिलने कडेला लिहा, आणि चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर. त्या बोलतात तेव्हा फोनवर आवाज रेकॉर्ड करा. त्यांना एक शब्द द्या: तुला न दाखवता एकही वस्तू घराबाहेर जाणार नाही. आणि त्यांच्याकडून एक शब्द घ्या: जे ठेवायचं ते या एका कपाटात मावेल एवढंच. कपाट खरोखर समोर दाखवा, कुलूपकिल्ली त्यांच्या हातात द्या. तुम्ही ‘हे टाकू का?’ विचारलंत की उत्तर ‘राहू दे’च येणार. ‘कपाटात यातलं काय हवं?’ असं विचारलंत तर त्या निवडायला लागतील.

व्हिडिओ कॅसेटींना मात्र वेळ नाही. फितीवरचा चुंबकीय थर काळानुसार कमजोर होतो, आणि त्या वाजवणारी यंत्रं आता नवी मिळत नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. घरी चित्रित केलेल्या कॅसेटी तेवढ्या वेगळ्या काढा. टीव्हीवरून भरून ठेवलेले सिनेमे जाऊ द्या. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा बुरशी असते. अशी कॅसेट घरच्या यंत्रात घालू नका, यंत्रही बिघडतं आणि पुढच्या कॅसेटीलाही बुरशी लागते. डिजिटल करून देणाऱ्याला ते आधीच सांगा. फाइली हातात आल्या की तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक भावाच्या घरी. त्यालाही या कामात वाटा मिळेल.

आता त्या तासभर गुंतण्याविषयी. तुम्ही ढिल्या आहात म्हणून ते होत नाही. डॅनिएल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. काही लोकांना कॉफीचे साधे मग देऊन टाकले आणि मग विचारलं, केवढ्याला विकाल? ज्यांना मग मिळाले होते त्यांनी जी किंमत मागितली ती, न मिळालेले जेवढे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट होती. मिनिटांपूर्वी हातात आलेल्या मगाचं असं होतं, मग इथे तर बाबांची वस्तू आहे. वस्तू जितका वेळ हातात राहते, तितकी ती सोडणं जड जातं, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून एक मैत्रीण किंवा शेजारीण बरोबर घ्या, जिचा या घराशी भावनिक धागा नाही. वस्तू तिने उचलायची, तिने धरायची. तुम्ही दोन पावलं मागे उभं राहून फक्त बोलायचं, ‘वर’, ‘द्यायची’, ‘कचरा’, ‘माहीत नाही’. ‘माहीत नाही’चा एकच खोका. तो भरला की त्यातलं काहीतरी ठरवल्याशिवाय नवीन आत जाणार नाही. दोन तास झाले की थांबा, काम रंगात आलं असलं तरी. थकलेल्या माणसाच्या हातून एक तर सगळं टाकलं जातं, नाहीतर सगळं ठेवलं जातं.

सोडवत नाही आणि ठेवायला जागाही नाही, अशा वस्तूचा नीट उजेडात फोटो काढा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांतला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे ‘आधी फोटो काढा, मग वस्तू द्या’ असं सुचवलं होतं, तिथून सुमारे १५ टक्के जास्त वस्तू दान झाल्या. आठवण वस्तूबरोबर जाईल ही भीती फोटोने हलकी होते. फोटोखाली दोन ओळी लिहा, ही कुणाची, कशासाठी होती. त्या दोन ओळी नसतील तर पुढच्या पिढीला तो फोटो म्हणजे नुसता एक जुना कंदील.

हत्यारांचं मला मनापासून सांगायचं आहे. सगळी ठेवू नका. रंधा ठेवा, यात विचार करायचं कारणच नाही. त्याच्याबरोबर जी तुम्ही घरात खरोखर वापराल अशी चार-सहा घ्या: हातोडी, पक्कड, एखादी पटाशी, पेचकस. पात्यांवरचा गंज बारीक स्टील वूलने कोरडाच घासा, मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा आणि ती पेटी वर ठेवा. झिजलेली मूठ मात्र घासू नका, पॉलिशही करू नका. उरलेल्या करवती, कानशी, गिरमिटं, शिकंजा हे सुतारकाम शिकणाऱ्या कुणाला तरी द्या, एखाद्या तांत्रिक शाळेला किंवा नुकतं काम सुरू केलेल्या सुताराला. हत्यार वापरात असेल तर टिकतं. पेटीत पडून राहिलं की गंज त्याला खातो, आणि बाबांना ते नक्की आवडलं नसतं. बरण्यांतले खिळे-स्क्रू एका बरणीपुरते ठेवा, बाकी भंगारात.

खुर्चीचा निर्णय शेवटी घ्या, पण घ्या. आधी लाकूड पाहा. बारीक गोल भोकं आणि त्यांच्याखाली ताजी, पिठासारखी भुकटी असेल तर आत भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. ती वर नेऊ नका, दुसरं फर्निचरही जाईल. लाकूड निरोगी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: एखाद्या चांगल्या सुताराकडून ती पुरी करून घ्या, दुरुस्ती संपायच्या आत. सुताराला सांगा की बाबांनी केलेले सांधे उघडू नकोस, राहिलेलं तेवढं कर. ‘कधीतरी करू’ म्हणून ती पुन्हा खाली गेली तर पुढच्या पावसात तिचे पाय फुगतील.

लहानपणीच्या वस्तू कुणाला देणार असाल तर थोडं जपून. पाळण्याच्या गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तो दुसऱ्या बाळाला देऊ नका. गाडीतल्या बाळाच्या सीटला आणि हेल्मेटला वयाची मर्यादा असते. जुनी झाली की ती तोडून टाकावीत, दान करू नयेत. ओल लागलेल्या गाद्या, उशा, मऊ खेळणी याही गेल्याच म्हणा. त्यांच्यातली बुरशी धुऊन जात नाही.

दुरुस्ती झाल्यावर खाली काय परत जाईल? थोडंच. पण दुरुस्ती सुरू व्हायच्या आधीच एक तपासणी करा. सुमारे ४५ सेंटिमीटरचा जाड प्लास्टिकचा चौकोन जमिनीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. खालच्या बाजूला पाणी धरलं तर ओल जमिनीतून येतेय, म्हणजे नुसत्या भिंतींच्या कामाने भागणार नाही, आणि हे दुरुस्तीवाल्याला काम सुरू व्हायच्या आत कळलं पाहिजे. पाणी वरच्या बाजूला धरलं तर ओल हवेतली आहे. मग ओल शोषणारं यंत्र आणि भिंतीवर एक आर्द्रतामापक लावा. सामान लोखंडी किंवा प्लास्टिकच्या मांडणीवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं लांब. पुठ्ठ्याचे खोके नकोतच. पुठ्ठा ओल ओढतो आणि त्याचा डिंक कसरीला आवडतो. झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, पण आत जाणारी वस्तू पूर्ण वाळलेली असू द्या, नाहीतर ओल आत कोंडली जाईल.

राहिला भाऊ. त्याच्या वस्तूंचं काय करायचं हे त्याने ठरवावं, ते तुमचं काम नाही. पण भिंत मोकळी करायचीच आहे, तेव्हा ‘हात लावू नकोस’ हे आता चालणार नाही. त्याचे खोके न उघडता बाजूला काढा, नंबर टाका, बाहेरून फोटो काढा. फोनवर वाद घालत बसू नका. असा निरोप लिहून पाठवा, लिहिलेला, म्हणजे पुढे ‘मला कुणी सांगितलंच नाही’ होणार नाही:

“तळघराच्या भिंतींचं काम ठरलंय. तुझे खोके मी उघडलेले नाहीत, फोटो आणि नंबर सोबत. प्रत्येक नंबरापुढे लिही: स्वतः येऊन नेणार, पार्सल कर, किंवा तू ठरव. स्वतः येणार असशील तर महिनाअखेरच्या आत ये, आईलाही तुझ्याबरोबर बसून फोटो बघायचे आहेत. त्या तारखेपर्यंत काही कळवलं नाहीस तर कुठलेही दोन खोके मी वर ठेवीन. बाकीचे मी उघडीन आणि ठरवीन, आणि काय कुठे दिलं त्याची यादी तुला पाठवीन.”

तारीख घालायला विसरू नका, आणि एकदा घातली की पुढे ढकलू नका.